पाइपातलं पाणी थांबलं तेव्हा

डिचोली
२२ मार्च २०२५

गौरवीच्या बाबांस,

सुविधाचा नमस्कार. आई, गौरवी आणि मी ठीक आहोत. काल तुम्हाला पाहून आल्यापासून तुमचं वाळलेलं तोंड डोळ्यांसमोरून जात नाही. तिथलं जेवण घशाखाली उतरत नाही म्हणालात. तरी जेवत जा. गोळ्या चुकवू नका.

काचेपलीकडून बोलायचं, आणि मागे शिपाई उभा. धड काही सांगता येत नाही. म्हणून हे पत्र. आधी तिथले जेलचे साहेब वाचतील, मग तुमच्या हातात पडेल, हे ठाऊक आहे. भाजीची खबर वाचून त्यांना काय मिळणार?

फेब्रुवारीत एकदा कोलवाळच्या तुरुंगातून परतताना म्हापशाला उतरले होते. शुक्रवारचा बाजार भरलेला होता. तिथून साधी, बिनरंगाची मडकी घेतली. लहान तोंडाची बघून. दोन मांडीवर, बाकीची पायांशी अशी डिचोलीच्या बसमधून आणली. शेजारी बसलेल्या बाईनं हळूच विचारलं, कोण गेलं घरातलं? एवढी मडकी घेऊन निघालेली बाई बघून तिला दुसरं काय वाटणार. मी म्हटलं, भाजीसाठी आहेत. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

तुम्हाला आठवत असेल, कृषी खात्याच्या बाई पंचायतीत आल्या होत्या आणि त्यांनी मडकी पुरून पाणी द्यायची रीत दाखवली होती. आपण दोघं मागच्या बाकावर होतो. तुम्ही हसला होतात. घरात पंप असताना मडकी कशाला, म्हणालात. मीही हसले होते. आता तीच रीत धरली आहे. वाफ्याच्या मधोमध मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्यानं भरायचं, वर करवंटी झाकायची. मडकं आपोआप पाझरतं आणि मुळं त्याच्या अंगाला येऊन चिकटतात. वरची माती कोरडीच राहते, म्हणून तणही उगवत नाही. दुधी, काकडी आणि वांगी अशी लावली आहेत. मिरचीला आणि अळसांद्यांना, चवळीच्या वेलांना, मडकं नाही. त्यांच्या बुडाशी आळं करून नारळाची सोडणं उपडी घालून ठेवली आहेत आणि वर काजूच्या बागेतला पाचोळा. तांबड्या भाजीची मुळं वर असतात, तिला रोज शिंपावं लागतं. म्हणून ती एकाच वाफ्यात ठेवली, तिला भांडी धुतल्याचं पाणी जातं.

पलीकडचे वाफे सोडून दिले. सगळ्यांना थोडं थोडं देत बसलं तर एकही जगत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. पाणी ऊन उतरल्यावर घालते. आधी मातीत बोट घालून बघते. आत ओल लागली तर त्या दिवशी त्या झाडाला काही नाही.

पंप आणि पाइप पोलिसांनी नेले ते अजून परत आलेले नाहीत. आले तरी लावायचा माझा विचार नाही. राटाला नवा दोर घातला आहे, कळशीनं ओढते. पहिल्यांदा हात सोलवटले, आता सवय झाली. आईंनी भटजींना बोलावून विहिरीची शुद्धी करून घेतली होती हे तुम्हाला सांगितलंच आहे. तरी आईंना ते पाणी प्यायला नको वाटतं. त्यांच्यापुरतं नळाचं भरून ठेवते.

गोकुळदास दादांच्या बाजूची भाजी सगळी वाळली. सत्यवती वहिनी विहिरीवर येत नाहीत. वाड्यावरच्या सार्वजनिक नळाला रांग लावतात. त्यांच्या अंगणातली शेवग्याची फांदीसुद्धा खाली मान घालून आहे.

काल तुम्ही मला एक गोष्ट विचारलीत. मी उत्तर न देता उठले. वेळ संपली होती हे खरं, पण वेळ असती तरी दिलं असतं असं नाही. आपल्या वकिलांनी मला सोमवारी बोलावलं आहे. जाऊन येते, मग लिहीन.

गौरवीची परीक्षा चालू आहे. तिनं नमस्कार सांगितला आहे.

सुविधा


डिचोली
१९ एप्रिल २०२५

गौरवीच्या बाबांस,

नमस्कार. मधले दोन शुक्रवार आले नाही. आईंचे गुडघे आणि गौरवीला आलेला ताप ही कारणं फोनवर सांगितली, ती खोटी नव्हती. पण त्यामुळेच राहिले असंही नाही.

इकडे ऊन फार वाढलं आहे. विहिरीचा तळ दुपारी दिसतो. पूर्वी ट्रकांवर असताना तुम्ही म्हणायचात, खाण जितकी खोल जाईल तितकी आपली विहीर आटेल. खाण थांबली, ट्रक थांबले, विहीर मात्र वर आली नाही. तरीही भाजी जगली आहे. दुधी दारात टांगलेल्या दिव्यांसारखे लोंबतात. वांगी एवढी येतात की पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या टोपलीतही घालते. एक मडकं तडकलं, ते काढून दुसरं पुरलं. बाकी सगळी धड आहेत.

हे लिहिताना मला आनंद होत नाही. रोज ऊन उतरलं की मी कळशी ओढते, मडकी भरते आणि पाणी उरतं. पंपानं आपण जेवढं एका दिवसात ओतत होतो तेवढं आता कितीतरी दिवस पुरतं. मातीच्या वरून वाहून जात होतं ते सगळं. दादा हेच सांगायचे की शिवदास, सगळं पाणी तुझ्या वाटेवरनं वाहतंय, माझी पाळी येईपर्यंत पंप नुसता वारा ओढतो. आपल्याला वाटायचं, ते पाळीवरून भांडण काढतात. तुम्ही दोघे चुलतभाऊ, दोघांच्याही गाड्या बंद पडल्या होत्या, दोघांनाही त्या एका भाटावर, तेवढ्याच जमिनीवर, घर चालवायचं होतं. आणि दोघांनाही पुरण्याइतकं पाणी त्या विहिरीत होतं. मडकं भरताना दर वेळी हे मनात येतं. मी कुणाला सांगत नाही. आज तुम्हाला सांगितलं.

आता वकिलांचं. त्यांनी चांगली वागणूक दिली, चहा मागवला. सरकारतर्फे मला साक्षीला बोलावणार आहेत. पोलिसांनी माझ्या नावानं लिहून घेतलं आहे की आवाज ऐकून मी घरातून बाहेर आले. वकील म्हणाले, त्याला धक्का न लावता एवढंच सांगायचं की बाहेर येण्याआधी घराच्या खिडकीतून मला दिसलं, गोकुळदासांनी आधी कोयता उगारला, मग तुम्ही कुदळ घेतली. कोयत्यावर त्यांचेच ठसे आहेत, पाइप त्यांनीच कापला आहे, त्यामुळे न्यायाधीशांना पटेल. जिवाच्या भीतीनं वार केला म्हटलं की शिक्षा फार कमी होते, कदाचित होणारही नाही. तुम्ही काचेपलीकडून तेच म्हणाला होतात. "फक्त एवढं म्हण, मग मी घरी येतो."

आईंना मी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं. त्या रोज एकच विचारतात. "तुका घोव जाय काय ना?" नवरा हवा आहे की नको. मी कामाला लागले की देवापुढे जाऊन रडतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. मुलगा आहे तो त्यांचा.

मागच्या आठवड्यात दादांचं वर्षश्राद्ध झालं. त्या दिवशी सकाळी मी राटावर होते. वहिनी कळशी घेऊन आल्या. वर्षभरात पहिल्यांदा. श्राद्धाच्या स्वयंपाकाला विहिरीचंच पाणी हवं, नळाचं चालत नाही, म्हणून आल्या असणार. मी बाजूला झाले. त्यांनी दोर हातात घेतला, कळशी सोडली, पण त्यांच्यानं ओढवेना. मी हात लावला तर नको म्हणाल्या नाहीत. दोघींनी मिळून कळशी वर काढली.

कळशी कठड्यावर ठेवून त्यांनी ओले हात पुसले. मग म्हणाल्या, "तू थंय होतीस. माका इतकंच सांग, त्या वेळी ते काय करत होते?"

रागानं नाही विचारलं. शाप दिला असता तर मी ऐकून घेतला असता. त्यांना खरंच ठाऊक करून घ्यायचं होतं. पोलीस म्हणतात मारामारी झाली, आपले वकील म्हणतात कोयता उगारला, गावात कोण काय म्हणतं. बाईला आपल्या नवऱ्याचा शेवटचा क्षण कसा होता हे माहीत नाही आणि ते एकट्या मला माहीत आहे.

मी त्यांना सांगितलं.

तुम्हालाही लिहून ठेवते. आपण यावर एकदाही बोललो नाही. तुम्हाला आठवतं की नाही हेसुद्धा मला ठाऊक नाही. हे पत्र कोण वाचायचे ते वाचू देत.

मी घरात नव्हते. मी वांग्याच्या वाफ्यात पाइपाचं तोंड धरून उभी होते. वाफा भरून पाणी वाटेवर आलं होतं, तरी मी पाइप हलवला नव्हता. मग पाण्याची धार बारीक झाली आणि थांबली. पाइप कुठं मुडपला असेल म्हणून मी मागे वळून पाहिलं. दादांनी विहिरीजवळ पाइप कापला होता. कोयता त्यांनी कठड्यावर ठेवून दिला होता. कापलेल्या तोंडातून पाणी उसळत होतं. ते खाली वाकले, ओंजळ धरली आणि पाणी प्यायला लागले. ऊन होतं, शेतातून आले असणार, तहान लागली असणार. पाठ तुमच्याकडे होती. तुम्ही माडाखालून कुदळ घेऊन आलात. मी हाक मारली नाही. तोंडातून आवाज फुटला नाही म्हणा किंवा तुम्ही असं काही कराल हे डोक्यात आलंच नाही म्हणा. त्यांनी तुम्हाला पाहिलंही नाही.

पंप बंद करायचं कुणाला सुचलं नाही. माणसं धावली, दादांना उचलून रिक्षात घातलं, तोवर पाणी अंगणभर पसरलं होतं.

हे सगळं वहिनींना सांगितलं, एवढ्या शब्दांत नाही. म्हटलं, ते पाणी पीत होते वहिनी, त्यांना काही कळलं नाही. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग विचारलं, पोटभर प्यायले होते का? मला ठाऊक नव्हतं. मी हो म्हटलं. त्या कळशी घेऊन गेल्या.

तुम्ही विचारलेल्याचं उत्तर असं आहे. कोर्टात मी कोयत्याचं म्हणू शकणार नाही. वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही साक्षीला आजारी पडा. तसंही करणार नाही. ज्या माणसानं ट्रकचं स्टीअरिंग तुमच्या हातात दिलं, आपल्या लग्नात मंडपाचे खांब स्वतः रोवले, त्याच्यावर मी कोयता उगारल्याचा आळ घालायचा, आणि समोर वहिनी बसलेल्या असणार.

तुम्हाला राग येईल. येऊ दे. पण हे तुम्हाला कोर्टात उभं राहून पहिल्यांदा ऐकावं लागू नये, म्हणून आधी लिहिलं.

एक मात्र सांगते. तुम्ही वाईट माणूस आहात असं मी कुठंही म्हणणार नाही. तसं मला वाटतही नाही. तीन उन्हाळे काम नव्हतं, झोप नव्हती, घरात कुणी मोठ्यानं बोललं तरी तुम्ही दचकत होतात. विचारलं तर तेही सांगेन. पण ते काय करत होते असं विचारलं तर ते पाणी पीत होते.

गौरवीला मी अजून काही सांगितलं नाही.

सुविधा


डिचोली
२४ मे २०२५

गौरवीच्या बाबांस,

नमस्कार.

मागच्या पत्राला उत्तर नाही. ते तुम्हाला मिळालं एवढं कोर्टातच कळलं, कारण तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. मी पिंजऱ्यात चढले तेव्हापासून उतरेपर्यंत तुम्ही स्वतःच्या चपलांकडे बघत होता. केस फार पिकलेत तुमचे. कुणी कापले? मागून वेडेवाकडे झाले आहेत.

माझ्या तोंडून शब्द नीट निघत होते की नाही मला आठवत नाही. न्यायाधीशबाईंनी दोनदा मोठ्यानं बोलायला सांगितलं. मी पाइप धरून उभी होते इथून सुरुवात केली. तुमच्या वकिलांनी मग विचारलं की पोलिसांना तुम्ही वेगळं सांगितलं होतंत, मग खोटं कोणतं? मी म्हटलं, तेव्हा त्यांनी लिहिलं आणि मी ऐकून घेतलं. त्यांनी विचारलं, नवऱ्याशी तुमचं पटत नव्हतं का? मी म्हटलं, पटत होतं. जमिनीसाठी हे करताय का? मी नाही म्हटलं. नवरा सुटावा असं वाटत नाही का, असंही विचारलं. त्याचं उत्तर देण्याआधी मी तुमच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वाटतं. वकिलांनी कागद मिटले. मग न्यायाधीशबाईंनी मला उतरायला सांगितलं.

वहिनी मागच्या बाकावर होत्या. बाहेर माझ्याजवळून गेल्या, थांबल्या नाहीत. बरं केलंस असं त्या म्हणतील अशी माझी अपेक्षाही नव्हती. त्यांचा माणूस काही परत आला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात वांगी आणि एक दुधी ठेवला. संध्याकाळी ते आपल्या पायरीवर परत आलेले होते. तुटलेले नव्हते, फेकलेले नव्हते, नीट ठेवलेले होते. विहिरीवर मात्र त्या आता येतात. मी असले तर माझं पाणी भरून होईपर्यंत थांबतात, मी गेले की येतात. त्यांनीही शेवग्याला आळं केलं आहे.

आई फोंड्याला लेकीकडे, ताईंकडे गेल्या. जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत, पण गौरवीच्या हातात खाऊला काही ठेवून गेल्या. ताईंनी फोनवर सांगितलं की त्या आता परत यायच्या नाहीत. त्यांची खोली झाडून ठेवते. देवाचा दिवा मीच लावते.

गौरवीला मी साक्षीच्या आदल्या दिवशी सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकावं म्हणून. पाणी प्यायल्याचंसुद्धा सांगितलं. ती रडली नाही. नंतर मला म्हणाली, मग बाबा आता मी मोठी झाल्यावर येणार? मी म्हटलं, हो, बहुतेक. ती अंगणात गेली आणि मडक्यांवरच्या करवंट्या एकेक उचलून बघत बसली. त्या दिवसापासून मडकी तीच भरते. मला हात लावू देत नाही. विहिरीत वाकू नको म्हणते मी, तर माझ्याकडे अशा नजरेनं बघते की मी बाजूला होते.

काल कोलवाळला आले होते. नाव नोंदवलं, बसले. बऱ्याच वेळानं शिपाई येऊन म्हणाला, बाई, ते येत नाही म्हणतात. मी विचारलं, बरं नाही का? तो म्हणाला, बरे आहेत, यायचं नाही म्हणाले. माझ्याबरोबर आणलेल्या कपड्यांची पिशवी त्यानं घेतली. त्यात तुमची निळी लुंगी आणि दोन गंजी आहेत. मिळाल्या असतील.

ऊन अजून उतरलेलं नाही. वळीव दोनदा गडगडून गेला, पडला नाही. विहीर तळाला आहे, पण मडकी भरतात. भाजी बाजारात न्यायची मी बंद केली. लोक विकत घेतात, मग हळू आवाजात बोलतात. जवळच्या घरांत वाटून टाकते, घेणारे घेतात.

न्यायाधीशबाई काय ठरवतील ते पावसाळ्यानंतर कळेल असं वकील म्हणतात. शिक्षा जास्त असेल, हेही त्यांनी सांगितलं. माझ्यामुळे जास्त असेल, असं ते म्हणाले नाहीत, पण मला ते समजतं. तुम्हीही तेच धरून बसला असणार.

मी पुढच्या शुक्रवारी येईन. तुम्ही बाहेर या किंवा येऊ नका, तिथल्या बाकावर वेळ संपेपर्यंत बसेन आणि बस पकडून परत येईन. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही येईन. कोर्टात मी जे सांगितलं ते मी तुमची बायको असूनच सांगितलं. आता तुम्हाला ते नातं नको असेल तर एका ओळीनं कळवा, मी समजून घेईन. तशी ओळ येईपर्यंत पत्राखाली मी असंच लिहीत राहणार.

तुमचीच,
सुविधा